चार कोपऱ्यांचं कुंकू

मुलीच्या लग्नाच्या पत्रिका मी दोन प्रकारच्या केल्या. एक जाड कागदावर छापलेली, दुसरी नुसती फोनवर पाठवायची. कुणाला कुठली, हे ठरवताना मी जरासुद्धा अडखळले नाही. बारा वर्षं आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या शकुंतलाबाईंचं नाव तर मी न थांबता फोनच्या यादीत लिहिलं.

"ताई, देवापुढं ठेवायला छापील नाही का?" त्यांनी विचारलं होतं.

"संपल्या हो," मी म्हणाले. गठ्ठा आतल्या कपाटात होता.

आज पोळ्या झाल्यावर हॉलचा पत्ता समजून घ्यायला त्यांनी पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. फोनवरचीच पत्रिका होती, काळीपांढरी, गणपतीच्या सोंडेवर शाईचा पट्टा उमटलेली. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेलं.

"फोनला कुंकू कुठं लावणार? म्हणून झेरॉक्सवाल्याकडून काढून घेतली," त्या हसून म्हणाल्या.

निमंत्रण आपण देतो, असं आपल्याला उगाच वाटत असतं. 'आग्रहाचे' हा शब्द छापखानाच घालून देतो, आपल्याला तो तोंडानं म्हणावाही लागत नाही. आपण अर्धवट सोडलेलं बोलावणं कुणीतरी घरी नेतं आणि कुंकू लावून पुरं करतं.

मी पत्ता सांगितला. त्यांनी कुंकू सांडू नये म्हणून कागदाची हलक्या हातानं घडी घातली.

कपाटात अजून वीसेक पत्रिका उरल्या आहेत. त्यातली एकही आता मला त्यांना देता येत नाही.