सासूबाईंच्या गळ्यातला हेल

गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि सासूबाईंचा आवाज गेला. बोलता यायचं, पण घोगरं, वाळल्या पानांवरून कुणी चालावं तसं. गाणं मात्र संपलं. सानगडीत आमच्या विहारासमोर बुद्धपौर्णिमेला पहिलं गाणं कित्येक वर्षं त्यांचंच व्हायचं. त्यांनी स्वतः रचलेलं. त्यांची आई दीक्षेसाठी नागपूरला निघाली तेव्हा शिदोरीत काय काय बांधलं, त्याचं ते गाणं. शब्द अगदी साधे. गाण्याचा सगळा जीव सुरुवातीच्या आलापात होता. एकच लांब सूर, आणि संपता संपता त्याला येणारा हेल.

महिला मंडळाच्या चौघींनी तो सूर लावून पाहिला. सासूबाईंनी प्रत्येकीला ऐकून घेतलं आणि मान आडवी हलवली. शेवटी मंडळाच्या अध्यक्षीणबाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, तुमची गिटार हाये ना? आलाप तिच्यावर वाजवा, बाकीचं आम्ही म्हणतो."

मी साकोलीला शाळेत विज्ञान शिकवते. कॉलेजात असताना नागपूरला इलेक्ट्रिक गिटार शिकले आणि लग्नानंतर कपाट-पलंगासोबत तीही सासरी आली. सासूबाई तिला कायम 'ते भांडं' म्हणत आल्या. मीही काही गरीब गाय नाही, मी मुद्दाम दार उघडं ठेवून वाजवायचे. आता त्याच भांड्यातून त्यांचा सूर काढायचा होता.

त्यांनी अट घातली. "मी समोरच बसीन. मी मान हलवली त बाया गाणं उचलतीन. नाही हलवली त तू थांबून जायजो. मंग हे गाणं यापुढे कोणीच म्हणायचं नाही."

ही धमकी नव्हती, हे मला सगळ्यात जास्त टोचलं. त्यांच्या गायन पार्टीत रीतच तशी होती. मुख्य गाणारीनं मान हलवल्याशिवाय कोरस तोंड उघडत नसे.

बुद्धपौर्णिमेला तीन आठवडे होते. पहिल्या दिवशी मी अँपवरचा गेन, म्हणजे सूर फुगवणारं बटण, भरपूर वाढवला, म्हणजे सूर लांब टिकेल. टिकला, पण त्याला इतकी खरखर चढली की बोटाचं हलणं त्यातच हरवून गेलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, "गांधीलमाशी डब्यात कोंडली का?" दुसऱ्या दिवशी गेन पार उतरवला. सूर स्वच्छ झाला, पण बोट हलवेपर्यंत मरूनच जायचा. मग मी एक पेडल जोडलं. त्यानं सूर आपोआप जाड होतो आणि लाटेसारखा हलत राहतो. मला वाटलं, जमलं.

सासूबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. "हे कोण हालवून राहिलं? तू का तो डबा?"

"डबा," मी म्हटलं.

"मंग त्यालेच बसव पेंडालात."

माझं डोकं फिरलं. "मग तुम्हीच दाखवा ना कसा हलवायचा ते!"

तोंडातून शब्द गेला आणि मला माझीच जीभ चावावीशी वाटली. जिचा गळा चिरला गेला, तिला मी गाऊन दाखव म्हणत होते. त्या उंबरा ओलांडून आत आल्या. जवळ येऊन बसल्या, माझं बोट धरलं आणि ऑपरेशनच्या व्रणाशेजारी गळ्यावर टेकवलं. मग तोंड उघडलं. आवाज आलाच नाही, नुसता श्वास. पण बोटाखाली गळा चालू होता. आधी नुसता स्थिर, इतका वेळ स्थिर की मला भीती वाटली. मग एक संथ झोका, मग थोडा मोठा, आणि शेवटचा सगळ्यात सावकाश. मी मूर्खासारखी तार छेडल्या क्षणापासून बोट थरथरवत होते, तेही भराभर. त्यात हेल नव्हता, घाबरटपणा होता.

पेडल कपाटात गेलं. तारांचा आवाज टिपणारे दोन पिकअप असतात, त्यातला मी गिटारच्या मानेकडचा, गोल आवाजाचा लावला, गिटारवरचं टोनचं बटण अर्ध्यावर आणलं. अँपवर मधले सूर वाढवले, कारण माणसाचा गळा तिथंच असतो. गेन एवढाच ठेवला की जोरात छेडलं तर सूर किंचित खरखरेल आणि हळू छेडलं तर नुसता लांबेल. तारा बारीक बसवल्या, म्हणजे बोटाला सहज ओढता येतील. आता बोट जितकं हले तितकंच ऐकू यायचं, चूकसुद्धा. सासूबाई रोज तांदूळ निवडत ऐकायच्या. बरं म्हणाल्या नाहीत, वाईटही नाही.

आदल्या दिवशी मी विचारलं, "जमलं का?"

"उद्या पाहू," म्हणाल्या.

सकाळी वंदना झाली. मांडवामागे खिरीनं भरलेले मोठे गंज तयार होते. साउंडवाल्यानं माझ्या अँपसमोर माइक ठेवला. एकदा वाजवून बघू म्हटलं तर म्हणाला, "सेटिंग हाये मॅडम, टेन्शन नोका घेऊ."

मी पहिला सूर छेडला. तो समोरच्या बॉक्समधून गेला आणि मागून परत आला, मग पुन्हा आला. त्यानं इको लावला होता, आमच्याकडे सगळ्यांनाच लावतात, मानानं. माझ्या एका हेलावर दुसरा हेल चढला आणि सगळ्याचा गाळ झाला. सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. मान ताठ. माइकजवळच्या बाया त्या मानेकडे बघत होत्या.

मी दुसऱ्यांदा छेडला. पुन्हा तोच गाळ. मान हलली नाही. झालं समजून मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बोट घामानं तारेवरून घसरत होतं. अटीप्रमाणे आता थांबायचं होतं, आणि ते गाणं माझ्या हातून मरणार होतं.

सासूबाई उठल्या. संपलं, असं मला वाटलं. पण त्या फाटकाकडे गेल्या नाहीत, साउंडवाल्याच्या टेबलाशी गेल्या.

"इको काढ."

"काकू, इको नसला त प्रोग्राम फिका लागते."

"काढ म्हणते ना."

त्या परत येऊन बसल्या. मी तिसऱ्यांदा छेडला. सूर उघडा पडला, त्याला लपायला काही नव्हतं. मी बोट स्थिर ठेवलं, धीर सुटेपर्यंत ठेवलं. मग पहिला झोका दिला, मग दुसरा, आणि शेवटचा सगळ्यात सावकाश. वर पाहिलं.

मान हलली नव्हती. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, हात गळ्यावर. बाया माझ्याकडे बघायला लागल्या, मी त्यांच्याकडे. सूर विरत चालला होता. अध्यक्षीणबाईंनी सासूबाईंकडे एकदा नीट पाहिलं आणि रीत मोडून गाणं उचललं. बाकीच्या मागून आल्या. गाणं शेवटपर्यंत झालं.

नंतर खिरीची वाटी घेऊन मी त्यांच्यासमोर बसले. आनंदापेक्षा मला रागच जास्त आला होता.

"आई, मान काहून नाही हलवली? माझा जीव जायची पाळी आली होती."

त्यांनी वाटीतली शेवटची खीर बोटानं पुसून घेतली.

"मी गाऊन राहिली होती ना," त्या म्हणाल्या. "गाता गाता मान कशी हलवू?"