आप्पांनी फेडलेली सावड

कुरकुंभच्या एका कारखान्यात मी तणनाशकाचे ड्रम भरायचो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. ड्रमवर परक्या भाषांतली लेबलं असत आणि माल बोटीनं कुठकुठं जाई. सुट्टीला मांडवगणला घरी आलो की वहिनी आधी अंघोळीला पिटाळायची. कामाचे कपडे तर ती बागेच्या आसपासही फिरकू द्यायची नाही. पगारदार दीर म्हणून मला जरा मान हवा असायचा, पण तिथं माझं काही चालत नसे.

कारण ज्या सालाची ही गोष्ट, त्या साली आमची द्राक्षं पहिल्यांदा युरोपात जायची होती. दादा कचरत होता, पण वहिनीनं हट्टानं बागेची नोंदणी केली होती. तोडणीआधी प्रयोगशाळेत द्राक्षांचा नमुना तपासणार, आणि तिकडच्या सरकारनं ठरवलेल्या मापापेक्षा कुठल्याही औषधाचा अंश जास्त निघाला की सगळा माल नाकारणार. शिरूरच्या बैठकीत हे ऐकून आल्यावर वहिनीनं ठरवूनच टाकलं, बागेत तणनाशकाचा थेंब पडू द्यायचा नाही, सगळं तण खुरप्यानं काढायचं. मला याचा रागच यायचा. आम्ही भरलेले ड्रम परदेशात चालतात आणि आमच्या द्राक्षाला मात्र एवढे नियम, असं मी तणतणलो. खाणाऱ्यानं विचारूच नये का, एवढंच तिनं मला विचारलं. मी भाकरी कुस्करायला लागलो.

खरी धास्ती बांधापलीकडची होती. तिथं आप्पांचा ऊस. गावच्या विकास सोसायटीत ज्यांचा शब्द खाली पडत नसे, असे हे म्हातारे. उसावर मारलेलं तणनाशक वाऱ्यानं उडून आलं तरी द्राक्षाची कोवळी पानं आकसतात, घड वाया जातात. पण आप्पांना त्यांच्याच रानात फवारू नका म्हणून सांगणार कोण? दादा जायला तयार होईना. वहिनी गेली. फवारू नका असं ती म्हणालीच नाही. तिनं सावड मागितली. सावड म्हणजे आज आम्ही तुमच्या रानात राबायचं, उद्या तुम्ही आमच्या. मजुरी नाही, पण फेड चुकवायची नाही. मग तिनं आणि तिच्या सोबतिणींनी आप्पांचा ऊस हातानं खुरपून दिला आणि आप्पांचा फवारणीचा पंप खुंटीला टांगलेलाच राहिला. तिच्या या डोक्याचं मला आजही कौतुक वाटतं.

पुढं एका सकाळी मी अंगणात दात घासत होतो, तर आप्पा आमच्या बागेत शिरताना दिसले. पाठीवर भरलेला पंप, हातात नळी, चेहरा खुशीत. सावड फेडायला आलोय, दुपारच्या आत फवारून सगळं तण जाळून देतो, असं त्यांनी तिथं खुरपणाऱ्या बायांना सांगितलं. त्या पंपात काय आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी ओरडणार, तेवढ्यात बागेतून वहिनीनं हातानंच मला थांबवलं.

ती डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं झाली. पाहुण्याच्या हातातली पिशवी घ्यावी तसा तिनं पंप उतरवून घेतला, आप्पांना पाणी दिलं आणि मग स्वतःचं खुरपं त्यांच्यापुढं धरलं.

"आप्पा, आमी तुमच्यात हातानं खुरपलं. तुमीबी हातानंच फेडा."

ज्यांना बघून लोक खुर्ची सोडायचे, त्यांना ती बायांच्या रांगेत बसायला सांगत होती. बाया थांबल्या. आप्पा रागावून माघारी गेले असते तर दुसऱ्याच दिवशी उसावर फवारा बसला असता आणि आमची बाग गेली असती. आप्पांनी खुरप्याची धार अंगठ्यानं चाचपली. मग धोतर सावरून ते खाली बसले. त्यांची ओळ वाकडीतिकडी गेली, निम्मं तण मागं राहिलं. वहिनी त्यांच्या मागून ते काढत गेली. दुसऱ्या दिवशी ते स्वतःचं खुरपं घेऊन आले.

नमुना पास झाला. तोडणीच्या दिवशी बागेत पेट्या भरल्या जात होत्या. आप्पाही बांध ओलांडून आले, एक मणी तोंडात टाकला आणि वहिनीला म्हणाले,

"पर हितं मी खुरपलंय, ह्ये त्या तिकडच्या मान्सास्नी कसं कळायचं?"

वहिनी पेटीचं झाकण लावत होती.

"त्यास्नी ह्यात तणाचं औषिद सापडायचं न्हाई, आप्पा. त्येच तुमचं काम."