लिंबाखालचा बैल

नोकरीत मी मंत्र्यांना सलाम ठोकले, वरिष्ठांना तर उठता-बसता ठोकले. पण मनापासून ठोकला तो एकदाच, आणि तेव्हा समोर बैल होता. ते प्रकरण आठवलं की आजही हात आपोआप कपाळाकडं जातो.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं आणि माझी नेमणूक लासूर स्टेशनच्या बाजूला होती. उन्हाळा असा, की कोठडीतले आरोपी जामीन नको म्हणायचे. आत सावली होती ना!

एका बाजाराच्या दिवशी चहाचा हॉटेलवाला धापा टाकत ठाण्यात आला. तो आमचा जुना खबरी.

"साहेब, चला लवकर. बैलबाजारात काठ्या निघायल्यात. बैल बदलून दिला म्हणं!"

जाऊन पाहतो तर दोन माणसं एकमेकांच्या गळ्याला भिडलेली. खरी नावं सांगत नाही. विकणाऱ्याला तात्या म्हणू, घेणाऱ्याला आबा. तात्यांकडं जुळे बैल होते, थोरला आणि धाकटा. रंग एक, शिंगं एक, डोळ्यांतली मिजासही एक. फरक फक्त शेपटीच्या गोंड्यात : थोरल्याचा काळा, धाकट्याचा पांढरा. एकाला सोडून दुसरा रस्त्यानं पाऊल टाकत नसे, म्हणून विकायचा एक असला तरी मागल्या बाजारी तात्यांनी दोघांना आणलं होतं; आबांनी घेतलेला टेम्पोत घालून नेला होता.

"मागल्या बाजारी मला दाखवला एक अन् दावं हातात दिलं दुसऱ्याचं!" आबा ओरडले. "ह्यो औताला जुंपला की बसतो. नवरदेवावानी बसतो!"

"लिंबाखालचा बैल म्हणालास, लिंबाखालचा दिला," तात्या म्हणाले. "अन् बसका हाय म्हणूनच कमी बोटांवर सौदा केला. थोरला त्या भावात देईन व्हय?"

दोघांना ठाण्यावर आणलं. जमादार शहरातल्या जुन्या वस्तीतले. ते माझ्या कानाशी लागले, "साब, अपने को नक्को ये. दीवानी मामला है, कोर्ट को जाने दो."

त्यांचं चूक नव्हतं. दिलेला शब्द पुढं मोडला तर ते दिवाणी काम, पोलिसांचं नव्हे. पण शब्द देतानाच पोटात पाप असेल, तर कलम चारशे वीस. म्हणजे मला तात्यांच्या पोटात शिरायचं होतं.

तात्यांना दम दिला. ते कोठडीकडं बघून म्हणाले, "साहेब, आत टाका, ते सोशीन. पण बाजारात उद्या कुणी माझ्या हाताला हात लावणार नाय. मग मी जगून तरी काय करू?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. या बाजारात भाव तोंडानं ठरत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारी ब्रह्मदेव उभा राहिला तरी त्याला पत्ता लागत नाही. ज्याचा हात खोटा ठरला, त्याच्यावर पुन्हा रुमाल पडत नाही.

आबांनी नुसता इसार, म्हणजे आगाऊ थोडी रक्कम, दिला होता, म्हणून ठरलेला आकडा त्या दोघांनाच ठाऊक. मी खिशातला सरकारी रुमाल काढला. आधी आबांना आत बोलावलं, हात पुढं केला आणि म्हटलं, "त्या दिवशी काय ठरलं ते दाबा."

आबांना मोठा आकडा दाबणं सोपं होतं. तेवढ्यानं थोरल्याचाच सौदा झाल्याचं सिद्ध झालं असतं आणि तात्या गजाआड गेले असते. आबांनी डोळे मिटले आणि बोटं दाबली. मग तात्यांना बोलावलं. त्यांनीही दाबली.

आकडा एकच. बसक्या बैलाचा.

मी आबांनाही परत आत बोलावलं. म्हटलं, "आबा, एवढ्या कमी भावात चांगला बैल मिळतोय, शंका नाही आली?"

"साहेब, स्वस्तात मिळताना शंका कुणाला येती?"

दोघंही खरं बोलत होते. मग बैल बदलला कुणी?

दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष जागेचा पंचनामा ठेवला. आबा म्हणाले, "मी बैल पाहिला तवा तात्या बाजाराची पावती फाडाया गेला व्हता. लिंबाखालच्याचे दात पाहिले, चालवून पाहिला अन् चहा प्यालो. आल्यावर लिंबाखालचा म्हणून सौदा केला." मी विचारलं, गोंडा पाहिला का? नाही. शेपटीला जुंपतंय कोण!

मी तसंच करायला लावलं. थोरल्याला लिंबाखाली बांधलं, धाकट्याला उन्हातल्या खुंटीला, आणि सगळी वरात चहाला नेली. पहिला घोट घेतो न घेतो तोच जमादारांच्या हातातली बशी गळाली.

"साब... हल्लू देखो."

धाकट्यानं दाव्याचं टोक जिभेनं ओढलं, सरकगाठ सोडली. चोरपावलांनी लिंबाखाली आला. थोरल्याच्या गळ्याला कपाळ घासलं, गाठ सोडली आणि त्याला हळूच उन्हात ढकललं. थोरला बिचारा मुकाट खुंटीपाशी जाऊन उभा राहिला. धाकटा सावलीत बसला आणि आमच्याकडं बघत रवंथ करू लागला. पंच हात जोडून उभे. मी सलाम ठोकला तो तेव्हा.

तात्या कपाळावर हात मारून म्हणाले, "त्या दिशी आलो तं दावी सैल दिसली, मीच परत आवळली; कुणाला कुठं बांधलं व्हतं ते ध्यानातच नव्हतं. अन् घरी गोठ्यात जागा बदललेली दिसायची. मला वाटायचं बायको बदलती, तिला वाटायचं मी!"

परवा शहरातल्या एका लॉ कॉलेजात पोरांपुढं बोलायला गेलो. फळ्यावर सरांनी लिहून ठेवलेलं : प्रस्ताव, स्वीकार, मोबदला, मुक्त संमती. मी म्हटलं, बाळांनो, त्या सौद्यात हे सगळं दिसत होतं. तरी करार नव्हता. एकाच्या मनात थोरला, दुसऱ्याच्या मनात धाकटा. दोघांचा होकार एकाच वस्तूला नसेल तर बोटं कितीही जुळोत, कायद्याला तो करार दिसत नाही. आणि लबाडी नसेल तर पोलिसाला गुन्हाही दिसत नाही. मी गुन्हा नोंदवला नाही. इसार आबांकडं परत, धाकटा तात्यांकडं परत.

पुढच्या बाजारी मी बंदोबस्ताला होतो. तात्यांच्या हाताला हात लावायला मात्र कुणी येईना. आबा पुढं झाले. डाव्या हातात थोरल्याचं दावं घट्ट धरलं, उजवा हात तात्यांपुढं केला आणि मला म्हणाले, "साहेब, टाका तुमचा रुमाल."

मी टाकला. आत काय दाबलं गेलं ते मला कळलं नाही, तात्यांचे डोळे भरलेले तेवढे दिसले.

ऐकणारे त्या बैलाचंच कौतुक करतात. करू देत. बैलाचं मी थोडं वाढवून सांगत असेन, वयानं तेवढी मुभा असते. पण त्या दिवशी माझ्या रुमालाखाली आलेल्या दोन हातांचं एक अक्षरही वाढवलेलं नाही.