एकाच चौकटीपुरत्या काळ्या पट्ट्या

“सांगा साहेब, कोनाले लावू? पट्ट्या एकाच चौकटीपुरत्या हायेत,” आमचे फोरमन किसनराव मला म्हणाले.

तेव्हा वर्तमानपत्राचं पान शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून बांधत. दुखवट्याच्या मजकुराभोवती जाड काळी चौकट यायची, ती पितळी पट्ट्यांची. आमच्या नागपूरच्या सांजदैनिकाकडे अशा पट्ट्यांचा एकच संच होता. एका दिवशी एकच मोठा माणूस मरावा, असं मालकांनी गृहीत धरलं असावं.

मी उपसंपादक, तोही प्रोबेशनवर. म्हणजे साहेबांची मर्जी गेली की घरी. संपादक दादासाहेबांना इंग्लंडच्या इतिहासाचं भारी वेड. ‘इतिहासात आज’ हे सदर मी लिहायचो, पण त्यातलं ‘आज’ कायम इंग्लंडातलंच. त्या दिवशी तीस जानेवारी होती. याच तारखेला इंग्रजांनी आपल्याच राजाचं डोकं उडवलं होतं. थंडीने कापलो तर लोक घाबरलो म्हणतील, म्हणून त्याने अंगात दोन सदरे घातले होते. आणि आता, पासष्ट साली, त्याच तारखेला लंडनमध्ये त्यांच्या युद्धकाळातल्या पंतप्रधानांची अंत्ययात्रा होती. बापूंना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवणारे, तेच.

त्या बातमीच्याच पानावर खाली बापूंच्या पुण्यतिथीचा मजकूर होता.

“चौकट इंग्लंडच्या मजकुराला,” दादासाहेबांनी सकाळीच बजावलं होतं. मी ते किसनरावांना सांगितलं. त्यांनी पट्ट्या बसवल्या.

तेवढ्यात अकराचा भोंगा झाला. हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं स्तब्धता. मशीन थांबलं. आम्ही सगळे पानाभोवती माना खाली घालून उभे. मान खाली घातली की समोर पानच. इंग्रजाला काळी चौकट आणि बापू उघडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुन्हा भोंगा झाला. “किसनराव, पट्ट्या काढा. बापूंना लावा.”

“दादासाहेबाले काय सांगान?”

“ते माझ्याकडे लागलं.”

किसनरावांचा हात इतका भरभर चाललेला मी कधी पाहिला नव्हता.

अंक छापून आला आणि केबिनमधून बोलावणं आलं. मी स्वेटर चढवूनच आत गेलो. कापलोच तर थंडीवर ढकलता आलं असतं.

“ऑर्डर काय होती?”

“इंग्लंडला चौकट, सर. मी बदलली.”

“अरे, तो माणूस आज जातोय. बापूंना जाऊन सतरा वर्षं झाली.”

“त्यांना काळी चौकट द्यायला आज सगळं लंडन आहे, सर. बापूंना इथे सीताबर्डीवर आपणच द्यायची.”

दादासाहेबांनी चष्मा काढून पुसला. “मला विचारायचं तरी.”

“तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हणालो असतो,” ते म्हणाले. मग अंकाची घडी घालून त्यांनी तो आपल्या बॅगेत ठेवला. “जा, कामाला लाग.”

बाहेर किसनराव दारातच उभे होते. “राह्यली का गा नोकरी?” साहेबाचा मी एकदम आपल्या माणसातला ‘गा’ झालो होतो. पगारवाढीनेही एवढी छाती फुगली नसती.

प्रोबेशन संपून मी कायम झालो. मालकांनी पट्ट्यांचा दुसरा संचही मागवला. सोय झाली, हे खरं. पण पट्ट्या दोघांना पुरतात तेव्हा मत नसलेला माणूसही पान लावू शकतो.