माझी बोली, डेन्मार्कच्या तोंडी

त्या डॅनिश पोराला दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या घरी नेलं. घेऊन जा असं मला कोणी सांगितलं नव्हतं, त्याने स्वतः विचारलं नव्हतं आणि घरी तर कोणाला पत्ताच नव्हता. चूक सर्वस्वी माझी.

मैत्रीखातर नेलं, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो. खरं कारण असं, की मला एका गोऱ्या पोराबरोबर इंग्रजीत बोलत गावातून चालायचं होतं. तेही लांबच्या वाटेने, म्हणजे दोन-चार ओट्यांवरची माणसं जास्त बघतील.

आता ही गोरी पोरं आमच्या खाडीकाठी कुठून आली, ते सांगायला हवं. साठच्या दशकाची सुरुवात. आज खारघरला ज्या टेकडीच्या कडेने लोक सकाळी पांढरे बूट घालून फिरतात, तसल्याच एका टेकडीच्या पायथ्याशी तेव्हा दगडी बराकींची एक निवासी शाळा होती. परदेशी मंडळींच्या एका ट्रस्टने काढलेली. निम्मी पोरं बाहेरची. कोणाच्या बापाचं आफ्रिकेत दुकान, कोणाचा बाप बोटीवर अधिकारी, कोणाचा रबाळ्याच्या बाजूला नवे कारखाने उठत होते तिथे यंत्रं बसवायला आलेला. उरलेली निम्मी आम्ही, आसपासच्या गावांतली. आगरी, कोळी आणि दोन-तीन कोकणी मुसलमान. आम्ही त्यांना मराठी द्यायचं आणि त्यांनी आम्हाला इंग्रजी, अशी मूळ कल्पना.

ही देवाणघेवाण मुख्यतः जेवणघरात चाले. तिथे दोन लांब टेबलं होती, एक इंग्रजीचं, एक मराठीचं. एक आठवडा या टेबलावर, एक त्या. पहिलं ताट मुकाट्याने मिळे, पण दुसऱ्यांदा काही हवं असेल तर त्या टेबलाच्या भाषेत पूर्ण वाक्य करून मागायचं. इंग्रजी टेबलावर मी पहिले तीन महिने अर्धपोटी उठलो. ज्या दिवशी धीर करून बटाटा मागितला, त्या दिवशी इंग्रजीच्या मॅडमनी माझ्याकडून ते वाक्य चार वेळा म्हणून घेतलं. जीभ दातांत धर, ओठ सोड, पुन्हा म्हण. बटाटा मिळाला तेव्हा थंड झाला होता.

आणि तो? तो तांबूस केसांचा, नाकावर ठिपके असलेला डेन्मार्कवाला मराठी टेबलावर पहिल्याच आठवड्यात ओरडला, “मावशे, भात दे!” अख्ख्या जेवणघराने टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकाची मावशी आमच्याच बाजूच्या गावची. तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच्या ताटात भाताचा डोंगर केला. मी बटाट्याचं अख्खं वाक्य केलं तर दुरुस्ती आणि याने तीन शब्द फेकले तर टाळ्या! माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते तेव्हापासून.

अशा माणसाला मी घरी नेलं.

ओट्यांवरून लांबची मिरवणूक झाली. मी इंग्रजीत जे काही सुचलं ते बोललो, बहुतेक हवामानाविषयी. घरी पोचलो. आता आय माझ्याकडे डोळे भरून बघेल, या हिशोबाने मी दारात जरा थांबलो. आयने मला बाजूला सारलं.

“ये रं माजे वासरा, बस हितं. किती रं वालला हाय पोर!” हे त्याला. मग माझ्याकडे वळून, “आनि तू काय हुबा ऱ्हायलास? पानी दे त्याला.”

तेरा वर्षांत मला कोणी वासरू म्हटलं नव्हतं.

त्या रात्री जिताडा होता. आमच्या खाडीतला हा मासा घरात आला की डोकं कोणाच्या ताटात पडतं, त्यावरून त्या दिवशी घरात कोणाचा मान ते कळतं. एरवी ते बाबांचं. सुट्टीत आलेल्या मुलाला ते मिळेल अशी मला खात्री होती, मी ताट थोडं पुढेही सरकवलं होतं. डोकं माझ्या ताटावरून तरंगत गेलं आणि डेन्मार्कला उतरलं. त्यानेही काही लाज न बाळगता ते चोखून चोखून संपवलं. बाबा त्याच्याकडे बघत होते. माझे बाबा मिठागरावर काम करणारे, बोलायला अतिशय महाग. ते म्हणाले, “खातंय बेस.” एवढी स्तुती त्यांनी माझी आजतागायत केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मिठागरावर. पावसाळा संपला की मिठाच्या वाफ्यांतला चिखल पायांनी तुडवून तुडवून तळ टणक करतात. माणसं एका रांगेत उभी राहतात, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकतात आणि गाणं म्हणत एका तालात पाय देतात. पाय चुकला तर सगळी रांग हलते. मी शाळेतून आलेला बाबू, काळे बूट चढवून गेलो. बाबा म्हणाले, “आगरान् कोनी बुटां घालतं रं?” मी म्हटलं, शाळेत सांगितलंय, अनवाणी चालायचं नाही. आणि पुढच्याच पावलाला घसरून पाठीवर पडलो. पडताना दोघांना घेऊन पडलो.

डेन्मार्कवाल्याने केव्हाच बूट काढले होते. तो बाबांच्या खांद्यावर हात टाकून रांगेत होता, गाण्याचा शेवटचा शब्द तेवढा ओरडून म्हणत होता आणि सगळे हसत होते. मी बांधावर बसून बुटांतला चिखल काढत होतो. आठ दिवस हेच. पाणी भरायला, मासे नीट करायला, कोंबड्या कोंडायला, सगळीकडे तो आयच्या मागे आणि तोंडाने अखंड, हे काय, ते काय, याला काय म्हणता? निघताना आय रडली. कोणासाठी, ते विचारायचं मी टाळलं.

इथवरचं जळणं साधं होतं. खरा पेच पुढे आला.

मी सातवीत होतो. सातवी झाली की बस, मग मिठागर, असं बाबांनी ठरवलं होतं. त्यांची कंबर धरायला लागली होती, हाताखाली माणूस हवा होता. मला तर मॅट्रिक व्हायचं होतं. वाद घालण्याची सोय नव्हती, कारण बाबा वाद घालतच नसत, नुसते विडी पेटवत. पण त्याच वर्षी शाळेने अकरावीपर्यंत वर्ग वाढवायचे ठरवले आणि वार्षिक समारंभाला ट्रस्टच्या एक परदेशी बाई येऊन गावांतल्या आईबापांना ते समजावून सांगणार असं ठरलं. बाई इंग्रजीत बोलणार आणि शाळेतला एक मुलगा ते मराठीत सांगणार. तो दुभाषी आपण व्हायचं, असं मी मनाशी घेतलं. बाबा प्रथमच शाळेत येणार होते. मुलगा भरल्या मांडवात, इंग्रज बाईच्या शेजारी उभा राहून बोलतोय हे त्यांनी एकदा पाहिलं की विडी विझणारच.

दुभाषी निवडायची परीक्षा झाली. अर्ज दोघांचेच होते, माझा आणि अर्थातच त्याचा. परीक्षक आमचे मराठीचे गुरुजी, पुण्याकडचे. त्यांनी दोन वर्षं खपून माझ्या तोंडातलं ‘पानी’ काढून ‘पाणी’ बसवलं होतं आणि त्या कामाचा त्यांना अभिमान होता. तरी मी खबरदारी घेतली. आदल्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेलो आणि अगदी सहज म्हणालो, “गुरुजी, तो डॅनिश मुलगा ‘हाय’, ‘नाय’ असं बोलतो हो. पाहुण्यांसमोर बरं दिसेल का?”

गुरुजी दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाले, “बाळ, तुझी भाषा मासळीबाजारातली आहे.” त्याने आनंदाने मान हलवली. त्याला ती तारीफ वाटली. त्याला इंग्रजीही परकी आणि मराठीही परकी. त्यामुळे कुठली भाषा वरच्या पाटावर बसते आणि कुठली खाली, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. निवड माझी झाली. समारंभात त्याला कोकम सरबत वाटायचं काम मिळालं. त्या आठवड्यात मी इंग्रजी टेबलावरसुद्धा पोटभर जेवलो.

बाईंचं टाइप केलेलं भाषण आधीच आलं होतं. गुरुजींना बरोबर घेऊन मी त्याचं मराठी केलं. बाईंनी साधंच लिहिलं होतं, की मिठाच्या हंगामात मुलांना घरी मदतीला पाठवू. आम्ही केलं, ‘हंगामी श्रमकार्यास्तव विरामकालाची तरतूद करण्यात येईल.’ मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते झोपेतही म्हणत होतो म्हणे.

दिवस उगवला. मांडव भरला. पहिल्या रांगेत गुरुजी. तिसऱ्या रांगेत बाबा, धुतलेल्या सदऱ्यात. बाजूला बायकांत आय आणि शेजारची म्हातारी काकू. बाई एक परिच्छेद बोलल्या आणि माझ्याकडे वळल्या. मी घसा साफ केला आणि सुरू झालो. विद्यार्थ्यांचा सर्वांगीण उत्कर्ष, ज्ञानसंवर्धन, विरामकाल. मांडव चिडीचूप. मला वाटलं, काय पकड आहे आपली! तेवढ्यात म्हातारीने पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. मग तिच्या मागच्या बायकांनी जोडले. मग काही पुरुषांनीही.

म्हातारी हळूच आयला म्हणाली, पण शांतता एवढी की मला स्टेजवर ऐकू आलं, “कंची पोथी हाय गो?”

“मना नाय ठावं,” आय म्हणाली. “तू आयक गप.”

मी तसाच पुढे. शेवटी बाईंनी विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का? मी तेही यथासांग सांगितलं. मग बाबा उठले. उभ्या जन्मात चारचौघांत न बोललेला माणूस.

“रं पोरा, तां सगलां ऱ्हाऊ दे. पोरांना हितं ठेवाचां का घरा न्हेवाचां, तां सांग.”

आता खरं तर मला सगळं येत होतं. आयच्या भाषेतला शब्द न् शब्द घशापर्यंत आला होता. पण पहिल्या रांगेत गुरुजी चष्म्यातून माझ्याकडे बघत होते आणि मी जे बोललो ते असं, “पालकांनी विचारविनिमयांती यथोचित निर्णय घ्यावा, अशी बाईंची मनीषा आहे.”

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पागोटं उचललं. निघालेच. आता हे जाणार आणि एप्रिलात परीक्षा झाली की मीही यांच्या मागून जाणार, हे मला त्या पागोट्यावरून कळलं.

मांडवाच्या कडेला सरबताचा ट्रे घेऊन तो उभा होता. त्याने माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. बोलू का, असं विचारत होता. मी मान हलवली नाही. नको म्हटलं नाही हे खरं, पण हो म्हणायलाही जीव होत नव्हता. त्याने ट्रे खाली ठेवला.

“बाबा, ऱ्हावा जरा!” तो ओरडला. माझ्या बापाला, बाबा! “ही बाय सांगतंय, सातवी झाली तरी पोरांना न्हेऊ नका. आजून चार वर्सां हितं ऱ्हातील. खावाला हितंच, पुस्तकां हितलीच. नी मिठाचे टायमाला घरा धाडू, तुमचे संगती आगरान् काम करतील. मंग मॅट्रिक झाली का रबाल्याला फॅक्टरी आयलीय ना, माजा बापूस मशिनी बसवतंय, तिकडं काम गावंल. हमालाचां नाय, सायबाचां!”

जोडलेले हात सुटले. म्हातारीने डोक्यावरचा पदर खाली घेतला. “अगो, असां हाय होय!” आणि मग जो गलका झाला! कोण विचारतंय हंगामात किती दिवस सोडणार, कोण विचारतंय पोरींना घेणार का, आणि तो मधे उभा राहून बाईंना इंग्रजीत विचारतोय आणि यांना सांगतोय. मी स्टेजवर, हातात कागद. बाईंनी मला हळूच विचारलं, तो मुलगा कोणती भाषा बोलतोय? मी म्हणालो, मराठी. त्या म्हणाल्या, मग तू कोणती बोलत होतास?

मी खाली उतरलो. सरबताचा ट्रे तसाच पडला होता, कोणी तरी वाटायला हवं म्हणून मी तो उचलला. वाटत वाटत बाबांपर्यंत आलो. ते त्याच्या पाठीवर थाप मारत होते. आयने त्याच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. मी पेला पुढे केला. बाबांनी तो घेतला, पिऊन रिकामा केला आणि ट्रेमध्ये ठेवला.

“बाबा,” मी विचारलं, “मग मी राहू ना इथे?”

“ऱ्हा,” बाबा म्हणाले. “चार वर्सां ऱ्हा. इंग्लिस शिक. नी जमलां तं त्याच्यापाशी बसून जरा आपली भाशा पन शिकून घे.”