बाजूच्या सीटवरची घंटा

मास्तर एकतीस वर्षं गाडीत बसले, पण चालवणाऱ्याच्या जागेवर फारसे कधी नाहीच. त्यांची जागा बाजूची. तिथे पायाशी त्यांचा स्वतःचा जादा ब्रेक, आणि त्या ब्रेकच्या पट्टीवर एक बटण. मास्तरांचा पाय पडला की डॅशबोर्डखाली बसवलेली दाराची जुनी घंटा खणखणायची. ती ड्रायव्हिंग स्कूलने दिलेली नव्हे बरं का. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मास्तरांनी ती आपल्या हाताने बसवली, कारण ब्रेक मारायचा मास्तरांनी आणि "मीच मारला की!" म्हणून छाती फुगवायची शिष्याने, हे त्यांना रोजचंच झालं होतं. घंटा आली आणि हा वाद कायमचा मिटला.

मग त्या घंटेवरून त्यांनी नियमही केला. लागोपाठ तीन धडे घंटा न वाजता झाले, तरच परीक्षेच्या फॉर्मवर मास्तरांची सही. समोर वकील असो नाहीतर कुणाची सासू. एका प्राध्यापकांना सहीसाठी पाच महिने लागले. ते चिडले, तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "सर, नापासाला तुम्ही परत त्याच वर्गात बसवता ना? मग बसा." गावभर त्यांना घंटामास्तर म्हणत, तोंडावर अर्थातच नुसतं मास्तर.

घरच्यांना मात्र या पायाचा ताप होता. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसले की मास्तर समोरच्या चटईवर पाय रोवून दाबत राहायचे. "अहो, तो ब्रेक नाही, त्यांच्या गाडीची चटई आहे," असं बायकोला मागच्या सीटवरून सांगावं लागे. टीव्हीवर गाड्यांची शर्यत बघताना त्यांनी दोनदा टीपॉय उलथा केला, एकदा चहासकट. बायको म्हणायची, या माणसाचं डोकं एक वेळ सुट्टी घेईल, पाय घेणार नाही. मास्तरांना ते कौतुकच वाटायचं.

तर अशा माणसासमोर एके दिवशी ड्रायव्हिंगच्या शाळेची नवी गाडी येऊन उभी राहिली.

शाळा आता मालकीणबाई चालवत. त्यांच्या वडिलांनी ती काढली आणि खुद्द मालकीणबाईंना गाडी शिकवली मास्तरांनी. पहिल्या दिवशी घंटा अकरा वेळा वाजली होती, हे मास्तर अजून चारचौघांत सांगायचे.

"आरशामागे कॅमेरा आहे, मास्तर," मालकीणबाई म्हणाल्या. "रस्त्यावरचा आखलेला पट्टा सोडून गाडी सरकली की स्टिअरिंग हलकेच परत ओढून घेते. समोर कुणी आलं आणि आपण थांबलो नाही, तर स्वतः ब्रेक मारते. आधी हे बड्या लोकांच्या गाड्यांत असायचं, आता या छोट्या गाडीतही येतं."

"मग मला कशाला ठेवलंय? शोभेला?"

"ती शिकवत नाही हो. नुसती सांभाळते."

"तेच तर! माझ्या पोटावर पाय आणायचा आणि वर म्हणायचं, सांभाळते."

मेकॅनिकने जादा ब्रेक नव्या गाडीत बसवला. मास्तर त्याच्या डोक्याशी उभे राहिले आणि जुनी घंटाही बसवून घेतली. पहिला आठवडा त्यांनी गाडीला नावं ठेवण्यात घालवला. पट्ट्याला चाक लागलं की टिट्, पुढची गाडी हळू झाली की टिट् टिट्. "सासरी आलेल्या नव्या सुनेवर सासू लक्ष ठेवते, तशी मेली," ते म्हणायचे. सकाळच्या पहिल्या धड्याला रस्ता थेट उगवतीकडे जायचा. ऊन समोरून कॅमेऱ्यात घुसलं की पडद्यावर अक्षरं यायची: कॅमेऱ्याला दिसत नाही, मदत तात्पुरती बंद. मास्तरांना कोण आनंद! "बघा, घातलं शेपूट! जरा ऊन लागलं नाही तर लगेच हात वर!" शिष्यही हसायचे.

पण महिनाभरात एक गोष्ट झाली. घंटा वाजेनाशी झाली.

कुणी गडबडला की मास्तरांच्या आधी गाडीच ब्रेक मारायची, गचकन थांबायची. घंटेचं बटण मास्तरांच्या पायाखाली, ते दबतच नव्हतं. पूर्वी ज्यांना महिने लागायचे त्यांचे तीन धडे पंधरा दिवसांत बिनघंटेचे व्हायला लागले. मालकीणबाई खूश. मास्तर सह्या करत सुटले, कारण नियम म्हणजे नियम. मनात मात्र खुट्ट होई. ते स्वतःला सांगत, यंत्र आहे ते, माणसाच्या पायाच्या आधी पोचणारच. हे कारण त्यांना बरं वाटायचं.

मग एक दिवस शिंपीदादा तोंड पाडून आले. मास्तरांच्या सहीने पास झालेले. मेहुण्याची जुनी गाडी घेऊन निघाले आणि सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला जाऊन भिडले. "मास्तर, तुमची घंटा तर एकदाही वाजली नव्हती!" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता गोंधळ होता. मास्तरांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

सकाळी त्यांनी ठरवलं, आता धड्याच्या वेळी गाडीची मदत बंद. शिष्य कच्चा असेल तर घंटा वाजलीच पाहिजे.

त्या दिवशी पहिला धडा सिस्टरचा होता. सिस्टर म्हणजे घरोघरी जाऊन आजारी माणसांची मलमपट्टी करणारी नर्स, पन्नाशीला आलेली, बोलायला फटकळ. गाडी चालवता आली तर तिला दूरच्या वस्त्यांवरचं काम मिळणार होतं आणि त्याची मुदत महिनाअखेर संपत होती. तिचे दोन धडे बिनघंटेचे झाले होते. हा तिसरा.

मास्तरांनी पडद्यावरचं बटण दाबून मदत बंद केली. सिस्टर छान चालवत होती. भाजीबाजाराच्या वळणावर एका टेम्पोआडून सायकलवाली बाई एकदम समोर आली. मास्तरांनी ब्रेक मारला. कचकचून मारला. गाडी काही थांबली नाही! सिस्टर किंचाळली, तिने स्वतःच ब्रेकवर पाय दिला आणि गाडी सायकलच्या चाकापासून वीतभर अंतरावर थांबली. सायकलवाली बाई चार शिव्या हासडून निघून गेली. सिस्टरने गाडी कडेला घेतली.

"घंटेची वायर तुटली वाटतं," मास्तर म्हणाले. "आणि ब्रेकही सैल झालाय. मेकॅनिकला आज बघतोच."

सिस्टर खाली बघत होती. "मास्तर, तुमचा बूट."

बूट मागे सीटखाली पडला होता. आणि मोज्यातला पाय ब्रेकच्या शेजारी, चटईवर रोवलेला होता. कचकचून.

"बूट कधी निघाला?" तिने विचारलं.

मास्तरांनी वाकून बूट ओढून घेतला. त्यांना ठाऊकच नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी ते एकाच चपलेवर घरी आले होते आणि बायको पोट धरून हसली होती. तेव्हा तेही हसले होते.

"साखर आहे ना तुम्हाला?"

"थोडीशी. गोळी घेतो की. आठवण झाली म्हणजे."

"मोजा काढा. डोळे मिटा." तिने खिशातून पेन काढलं. "तळव्याला टोचते, लागलं की सांगा."

मास्तर डोळे मिटून बसले. रस्त्यावर हॉर्न वाजत होते. बराच वेळ झाला.

"टोचा की, सिस्टर."

"टोचतेच आहे," ती म्हणाली. "पाचवी वेळ."

मास्तरांनी डोळे उघडले. तळव्यावर शाईचे पाच ठिपके होते. त्यांनी ते बोटाने चाचपले, आणि मोजा चढवून बूट घातला. नाडी मात्र त्यांना बांधता येईना. सिस्टरने बांधली.

"साखरेने पायाची जाणीव गेलीय. आजच डॉक्टर गाठा, हेळसांड नको," ती म्हणाली. "मी कुणापाशी बोलणार नाही. तुमच्या पोटाचा प्रश्न आहे. पण ती गाडीची मदत तेवढी चालू ठेवा म्हणजे झालं." आणि थोडं थांबून, जरा ओशाळून तिने विचारलं, "आजचा धडा बिनघंटेचाच धरायचा ना?"

मास्तरांनी पडद्यावरचं बटण दाबलं. परत येताना मदत चालू होती. एका वळणावर ऊन समोरून आलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली: कॅमेऱ्याला दिसत नाही, मदत तात्पुरती बंद. या वेळी मास्तर हसले नाहीत. पुढचा सगळा रस्ता त्यांनी मान खाली घालून स्वतःच्या पायावर नजर ठेवली.

ऑफिसात मालकीणबाईंना त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. बाई आधी घाबरल्या, मग त्यांनी मास्तरांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"उपचार करू आपण, मास्तर. पण सीट कशाला सोडता? गाडी आहे की ब्रेक मारायला! तुम्ही फक्त बोला. लोक तुमच्या बोलण्यासाठीच येतात."

बाईंनी ते मनापासून म्हटलं होतं, आणि मास्तरांना मोह झाला, का नाही होणार? एकतीस वर्षांची जागा. बायकोखेरीज दुसऱ्या कुणाच्या शेजारी माणूस इतकी वर्षं बसतो का?

"ताई," ते म्हणाले, "उन्हाने डोळे दिपले की ती गाडी लगेच कबूल करते, मला दिसत नाही, तुम्ही बघा. मी त्यावर महिनाभर दात काढले. आणि मी? दोन महिने पायात चप्पल आहे की नाही ते मला कळत नव्हतं. मी कबूल केलं का कुणाला?" त्यांनी फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "नव्या गाडीत ज्यांना मी सह्या दिल्या त्या सगळ्यांना परत बोलवा. शिंपीदादांना आधी. मदत बंद करून तीन-तीन धडे. सिस्टरलाही."

सिस्टर भडकली. मुदतीचं काय, म्हणाली. नेमकं माझ्याच धड्यानंतर खरं बोलायचं सुचलं का, असंही म्हणाली. मग घड्याळ बघत दुसऱ्याच दिवशी सकाळी सरावाच्या मैदानावर येऊन उभी राहिली.

बाजूच्या सीटवर मालकीणबाई बसल्या. मास्तर मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले. पायात डॉक्टरांनी सांगितलेले पट्ट्याचे बूट होते, सकाळी बायकोने बांधून दिलेले. ती या वेळी हसली नव्हती. गाडीच्या काचा खाली होत्या. सिस्टरने दोन फेऱ्या झकास मारल्या, रिव्हर्सही सरळ घेतला. तिसऱ्या फेरीला रंगवलेल्या पिंपांच्या रांगेकडे वळताना तिने वेग कमी केलाच नाही.

"ब्रेक!" मास्तर खुर्चीतून ओरडले.

मालकीणबाईंचा पाय पडला, घंटा खणखणली. गाडी पिंपाच्या अलीकडे थांबली.

मास्तरांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय बुटासकट मातीत रुतला होता. बघितलं नसतं तर त्यांना कळलंही नसतं.