खराट्याच्या रेघा

“काकू, तुमचं गवत मेलंय. आता डेक जाईल का हो?” जुलैत मानसीचा असा फोन आला आणि मी चहा तसाच टाकून गाडी काढली.

आमचं काम काय, तर लेक मिशिगनच्या काठी वाळूच्या टेकड्या आहेत, ड्यून्स म्हणतात त्यांना, त्यांच्यावर गवत लावायचं. कॉलेजात नाही शिकले मी हे, गुडघ्यांवर बसून शिकले. हे तळं गोड्या पाण्याचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी काही वर्षं चढतं, काही वर्षं उतरतं. चढलं की लाटा टेकडीचा पाया खातात, आणि वरून वारा वाळू उडवतो. ती वाळू धरून ठेवतं ते हे गवत. ते गेलं की टेकडीला खिंडार पडतं. आम्ही त्याला ब्लोआउट म्हणतो. आमची क्लायंट मानसी, तिचा डेक, म्हणजे घरामागचा लाकडी ओटा, अशा एका खिंडारापासून जेमतेम दहा पावलांवर होता. आणि हिवाळ्यातली वादळं काही कोणासाठी थांबत नाहीत.

जाऊन बघते तर एप्रिलमध्ये लावलेल्या ओळी पिवळ्या पडलेल्या, मुळं उघडी. कामातली माझी पार्टनर जोआन म्हणाली, हरणं असतील. पण वाळूवर अर्धगोल रेघा होत्या, एकीला एक लागून. हरणं अशी रांगोळी घालत नाहीत. लहानपणी अंगणात रोज सकाळी बघितलेल्या रेघा त्या. खराट्याच्या.

मानसीचे वडील, नाना, मे महिन्यात नागपूरहून आले होते. मानसी दिवसभर मीटिंगमध्ये. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, की रोपांवर चढलेली वाळू ते रोज झाडून काढतात, वर पाणीही घालतात. खराटा इंडियन ग्रोसरीतून मुद्दाम आणवला होता. आयुष्यभर गुलाब जोपासलेला माणूस.

“ताई, रोपाच्या गळ्याशी माती आली की रोप कुजतं. मी होतो म्हणून एवढी तरी टिकली.”

गुलाबाचं त्यांचं खरंच होतं. मी शेजारी बसले.

“नाना, हे गवत उलट्या डोक्याचं आहे. गाडलं की वर चढतं, नवी मुळं सोडतं. वाळू काढली की मरतं. वरून पाणीही लागत नाही त्याला, आणि पायाखाली तर अजिबात टिकत नाही.”

त्यांनी खराटा उचलून हातात घेतला. मानसी बाहेर आली. मी तिला म्हटलं, चूक माझी, काय करायचं नाही ते मी सांगितलंच नव्हतं. आणि ते खरंच होतं.

नाना मध्येच म्हणाले, “खराटा माझा होता.”

मानसीने त्यांच्या हातातला खराटा घेतला आणि त्यांना खुर्ची ओढून दिली.

उन्हाळ्यात हे गवत लावता येत नाही. तोवर उडती वाळू अडवायला लाकडी पट्ट्यांचं कुंपण ठोकलं, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा लागवड केली. परतीच्या विमानाआधी नानांनी एका काठीवर पाच लाल पट्टे रंगवले आणि ती ओळींच्या कडेला रोवली. किती गाडलं ते कळावं म्हणून.

एप्रिलमध्ये मानसीने फोटो पाठवला. डेक जागेवर होता. काठीचे दोनच पट्टे दिसत होते, आणि बाजूला हिरवी टोकं. खाली नानांचा नागपूरहून मेसेज: “तीन पट्टे गाडले गेले. उत्तम.”

आता मी प्रत्येक क्लायंटला कागद देते: पाणी नको, पाय नको, झाडणं नको. आणि आपलं मराठी घर असेल तर सही घ्यायच्या आधी विचारून घेते, यंदा भारतातून कोणी येणार आहे का?